जुन्या मोटारींचे ब्रेक अचानक निकामी होणे : कारणमीमांसा, निदान व दुरुस्ती
(विशेष संदर्भ : जळगाव व धुळे जिल्हे)

सारांश

अपघातानंतर 'ब्रेक अचानक फेल झाले' हे वाक्य हमखास ऐकावयास मिळते. प्रत्यक्षात द्रवचालित ब्रेकयंत्रणा क्वचितच अचानक निकामी होते. अनेक महिने चाललेल्या झिजेची, गळतीची अथवा ब्रेक ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची ती शेवटची पायरी असते. प्रस्तुत लेखात जुन्या मोटारींच्या ब्रेकयंत्रणेची रचना, ब्रेक निकामी होण्याचे प्रकार, पेडलच्या वर्तनावरून करावयाचे निदान व दुरुस्तीची योग्य पद्धती यांचे विवेचन केले आहे. सातमाळा-अजिंठा डोंगररांग व सातपुडा यांच्यामध्ये वसलेल्या खान्देशातील घाटरस्त्यांच्या संदर्भात या प्रश्नाचे महत्त्वही स्पष्ट केले आहे.

बीजसंज्ञा : द्रवचालित ब्रेक, मास्टर सिलिंडर, ब्रेक ऑइल, बाष्परोध, इंजिन-ब्रेकिंग, घाटरस्ते, खान्देश

प्रस्तावना

४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, पळासनेर गावाजवळ एक भरधाव कंटेनर उतारावरून येऊन पुढील वाहनांना धडकला आणि रस्त्याकाठच्या हॉटेलात शिरला. या दुर्घटनेत किमान दहा जणांना प्राण गमवावे लागले. ट्रकचे ब्रेक निकामी झाल्याने चालकाचे नियंत्रण सुटले, अशी प्राथमिक माहिती पोलिसांनी त्या वेळी दिली होती. अवजड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तर मोटारीचे द्रवाच्या दाबावर. यंत्रणा भिन्न असली तरी लांब उतारावर दोहोंना लागू पडणारा भौतिक नियम एकच आहे : उतरणाऱ्या वाहनाची ऊर्जा कोठेतरी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडावीच लागते, आणि ती सामावून घेण्याची ब्रेकची क्षमता मर्यादित असते.

जळगाव व धुळे हे जिल्हे तापीच्या खोऱ्यात वसलेले असल्याने बहुतांश रस्ते सपाट आहेत. तथापि खोऱ्याबाहेर पडणारे बरेच महत्त्वाचे मार्ग घाटांतून जातात. चाळीसगाव-कन्नड मार्गावरील औट्रम घाट, जळगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना फर्दापूरनंतर लागणारा अजिंठ्याचा घाट, धुळ्याच्या दक्षिणेस लळिंग घाट, सुरतेच्या वाटेवरील कोंडाईबारी आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरील बिजासन घाट ही त्याची ठळक उदाहरणे होत. औट्रम घाटाला १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभारणारे जेम्स औट्रम यांचे नाव मिळाले आहे. वर्षभर सपाटीवर चालणारी जुनी गाडी लग्नसराईत अथवा चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेला पूर्ण भरून घाटात उतरते, तेव्हा तिच्या ब्रेकची खरी परीक्षा होते. सपाटीवर लपून राहिलेला दोष याच वेळी प्रकट होतो.

महाविद्यालयीन परिसरातही पंधरा-वीस वर्षे जुन्या मोटारी आजही वापरात दिसतात. ॲम्बेसेडर व मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, प्रीमियर पद्मिनीचे तर २००० च्या सुमारासच. या आणि यांच्या समकालीन गाड्या सांभाळणाऱ्यांनी ब्रेकचे शास्त्र किमान समजून घेणे अगत्याचे ठरते.

उद्दिष्टे

१. द्रवचालित ब्रेकयंत्रणेचे कार्य व तिच्यातील दुर्बल स्थाने स्पष्ट करणे.
२. ब्रेक निकामी होण्याचे प्रकार व त्यांची लक्षणे यांची सांगड घालणे.
३. क्रमबद्ध निदान व दुरुस्तीची पद्धती मांडणे.
४. घाटरस्त्यांवर घ्यावयाची दक्षता सुचविणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. यंत्रशास्त्रातील प्रस्थापित तत्त्वे आणि साध्या आकडेमोडीच्या आधारे विषयाची मांडणी केली आहे.

१. ब्रेकयंत्रणेचे तत्त्व

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हे ब्लेझ पास्कल याचे सतराव्या शतकातील प्रतिपादन द्रवचालित ब्रेकचा पाया आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात माल्कम लॉकहीड याने हे तत्त्व मोटारीच्या ब्रेकला लागू केले आणि १९२१ च्या ड्युझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक बसविण्यात आले.

एका उदाहरणावरून ही यंत्रणा स्पष्ट होईल. चालकाने पेडलवर २० किलोग्रॅम-बल लावले व पेडलची तरफ त्याची पाचपट करीत असेल, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलोग्रॅम-बल पडते. सिलिंडरचा व्यास १९ मिलिमीटर धरल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे २.८ चौरस सेंटिमीटर भरते आणि द्रवात प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलोग्रॅम-बल इतका दाब निर्माण होतो. हाच दाब पुढच्या चाकाच्या ४८ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पोहोचला की तेथे ६०० किलोग्रॅम-बलाहून अधिक जोर मिळतो. पायाच्या अल्प श्रमात गाडी थांबते ती या गुणाकारामुळे.

मात्र या गुणाकाराची एक किंमत आहे. बल वाढते त्या प्रमाणात अंतर घटते. वरील सिलिंडरचा दट्ट्या जेमतेम २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही सुमारे ७ घन सेंटिमीटर तेलच पुढे ढकलले जाते. या सात घन सेंटिमीटरमध्येच संपूर्ण यंत्रणेचा कारभार चालतो. गळतीने, हवेने अथवा चाकातील अतिरिक्त फटीने यातील मोठा वाटा खाल्ला, तर पेडल तळाला टेकते आणि चाकांपर्यंत दाब पोहोचतच नाही. ब्रेक 'जाणे' म्हणजे बहुतेक वेळा हेच होय.

जुन्या रचनेच्या गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी असे. कोठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक एकदम जात. पुढे दुहेरी मास्टर सिलिंडर आला आणि तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग झाले. त्यामुळे एक मार्ग निकामी झाला तरी दुसऱ्यावर काही प्रमाणात गाडी थांबते. जुनी गाडी बाळगणाऱ्याने आपल्या गाडीत यांपैकी कोणती रचना आहे, हे प्रथम जाणून घ्यावे.

२. ब्रेक ऑइल, पाणी आणि उष्णता

ब्रेक ऑइल हे नावाने तेल असले तरी खनिज तेल नव्हे. सामान्य वापरातील डॉट ३ व डॉट ४ प्रतीचे द्रव ग्लायकॉल वर्गातील असून ते हवेतील ओलावा शोषून घेतात. रबरी होज पाइपमधून व टाकीच्या झाकणातून ओलावा आत शिरत राहतो. कोऱ्या डॉट ३ द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत घसरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे अनुक्रमे २३० व १५५ आहेत. म्हणजेच टाकीत तेल काठोकाठ भरलेले दिसत असले तरी त्याची उष्णता सोसण्याची शक्ती बरीच कमी झालेली असू शकते. हा दोष नजरेने ओळखता येत नाही, म्हणूनच तो अधिक घातक ठरतो.

घाटात किती उष्णता निर्माण होते, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. प्रवाशांसह १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार १०० मीटर उंची उतरली की सुमारे ९.८ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. हीच मोटार सपाटीवर ताशी ६० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबविण्यास सुमारे १.४ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकने शोषावी लागते. अर्थात, १०० मीटरचा उतार केवळ ब्रेकवर उतरणे हे ताशी ६० वेगावरून लागोपाठ सात वेळा गाडी थांबविण्यासारखे आहे. चारही चाकांच्या ड्रम व डिस्कचे लोखंड मिळून २० किलोग्रॅम धरले आणि वाऱ्याने होणारे शीतन क्षणभर वगळले, तर एवढ्या उष्णतेने ते लोखंड शंभर अंशांहून अधिक तापते. घाटाची उंची जसजशी वाढते तसतशी ही वाढ साठत जाते. पुढच्या चाकांवर ब्रेकचा भार अधिक असल्याने तेथील तापमान सरासरीपेक्षाही वर जाते.

अशा वेळी दोन भिन्न घटना घडू शकतात. पहिलीत पॅड अथवा शूवरील लायनिंग अतितप्त होऊन त्याचे घर्षण घटते. पेडल कडक लागते, पण गाडी थांबत नाही. यास ब्रेकचा 'फेड' म्हणतात. दुसरीत दट्ट्यामागील ओलसर तेल उकळते व वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, परंतु वाफ सहज दाबली जाते. परिणामी पेडल एकाएकी तळाला जाते. यास बाष्परोध म्हणता येईल. गाडी थांबून अर्धा-पाऊण तास गेला की वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल पूर्ववत लागते आणि मिस्त्रीला काहीच दोष सापडत नाही. 'ब्रेक आपोआप ठीक झाले' असे समजून चालक पुढे निघतो. हाच या प्रकारातील सर्वांत मोठा धोका होय.

जळगाव-भुसावळ परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्यामुळे ब्रेक उन्हाळ्यातच जातात, असा समज आहे. वस्तुतः बाहेरील तापमानाने आरंभबिंदू दहा-पंधरा अंशांनी वर सरकतो, इतकेच. खरा अपराधी मागील पावसाळ्यांत तेलात मुरलेला ओलावा असतो. उन्हाळा व लग्नसराईचे ओझे त्याला केवळ निमित्त पुरवितात.

३. पेडलच्या वर्तनावरून निदान

निदानाचा आरंभ हत्यारांनी नव्हे, पायाने करावा. गाडी सपाट जागी उभी करून, चाकांना अडण लावून पेडलची पुढीलप्रमाणे परीक्षा करावी.

(अ) पेडल प्रतिकाराविना तळाला जाते व पुन्हा दाबूनही वर येत नाही : तेल मोठ्या प्रमाणात गळाले आहे अथवा मास्टर सिलिंडरचे रबरी वॉशर पूर्ण निकामी झाले आहेत. प्रथम टाकीतील पातळी पाहावी. पातळी खाली असेल तर गळती बाहेर आहे. पातळी कायम असेल तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरच्या आत आहे.

(आ) पहिल्या दाबाला पेडल खाली, दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन कडक : तेलमार्ग शाबूत आहे, परंतु शू व ड्रम यांमधील फट वाढली आहे. लायनिंग झिजले आहे किंवा समायोजन बिघडले आहे. जुन्या ड्रम-ब्रेकमध्ये हा सर्वाधिक आढळणारा व सर्वाधिक दुर्लक्षिलेला दोष आहे.

(इ) पेडल दाबत राहिल्यास वर येते, पण स्पंजासारखे लागते : नळ्यांत हवा आहे. पाच घन सेंटिमीटर हवा ३५ पट दाबाखाली जवळजवळ नाहीशी होते, आणि मास्टर सिलिंडर ढकलतो ते तेल अवघे सात घन सेंटिमीटर. एवढ्या थोड्या हवेने ब्रेक का जातात, हे या तुलनेवरून ध्यानात येईल. फुगणारा जुना होज पाइपही असेच लक्षण दाखवितो.

(ई) पाय स्थिर ठेवला असता पेडल सावकाश खाली उतरत जाते : तेल कोठेतरी हळूहळू निसटत आहे. बाहेर ओल दिसत नसल्यास मास्टर सिलिंडरमधील वॉशर तेल मागे सोडत आहे, असे समजावे. जोरात दाबल्यावर हाच ब्रेक चांगला लागतो आणि हळुवार दाबल्यावर पेडल बसते, म्हणून चालक गाफील राहतो.

(उ) पेडल दगडासारखे कडक, गाडी मात्र थांबत नाही : व्हॅक्यूम बूस्टर असलेल्या गाडीत तो, त्याची नळी अथवा एकमार्गी झडप निकामी आहे. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे व दाबून धरावे. नंतर इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली उतरले तर बूस्टर ठीक आहे. बूस्टर ठीक असेल तर लायनिंगवर तेल वा ग्रीस लागणे, ते चकाकून गुळगुळीत होणे, अथवा दट्ट्या जाम होणे या शक्यता तपासाव्यात.

(ऊ) गार असताना उत्तम, उतारावर निकामी, थांबल्यावर पुन्हा उत्तम : यास उष्णतेखेरीज दुसरे कारण सहसा नसते. तेल बदलणे अपरिहार्य आहे. तसेच एखादे चाक ब्रेक न दाबताही घासत तर नाही ना, हे पाहावे.

४. दोषस्थान निश्चित करणे

लक्षणावरून दोषाचा वर्ग कळला की स्थान शोधावे. प्रत्येक चाकाच्या आतील बाजूस, टायरच्या भिंतीवर व ड्रमच्या मागील पत्र्याच्या खालच्या कडेला ओल दिसते का ते पाहावे. ड्रम काढून व्हील सिलिंडरचे रबरी टोपण अलगद उचलावे. आत तेल साचले असेल तर सिलिंडर गळत आहे. लोखंडी नळ्यांची तपासणी करताना क्लिपांखालील भागाकडे विशेष लक्ष द्यावे. काळ्या मातीचा चिखल तेथे अडकून राहतो आणि गंज आतल्या आत नळी खातो. चिखलाचा थर खरवडल्यावाचून हा दोष दिसत नाही. होज पाइप वाकवून पाहावा. बारीक भेगा दिसल्यास तो बदलावा.

बाहेर कोठेही ओल नसेल तर मास्टर सिलिंडरच्या निर्गम छिद्रांना योग्य आट्यांचे बूच बसवून पेडल दाबावे. पेडल वरच राहून कडक लागले तर मास्टर सिलिंडर निर्दोष असून दोष पुढे आहे. पेडल तरीही उतरले तर मास्टर सिलिंडरच बदलावा. या एका चाचणीने अनेक सुटे भाग विनाकारण बदलण्याचा खर्च वाचतो.

होज पाइपचा आणखी एक छुपा दोष नमूद करावयास हवा. जुन्या पाइपचे आतील अस्तर सुटून झडपेसारखे वागू लागते. पायाच्या जोराने तेल चाकाकडे जाते, मात्र परत येत नाही. ते चाक सतत घासत राहते, तापते आणि घाटात बाष्परोधाला कारण होते. प्रवासानंतर चारही चाकांजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, उष्णतेची तुलना केल्यास असे चाक ओळखता येते. नंतर त्या चाकाचा ब्लीडर सैल करावा. दाबाखालील तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले, तर अडथळा तेलमार्गात, म्हणजे बहुधा त्या होज पाइपमध्ये आहे. तरीही चाक जाम राहिले तर दोष दट्ट्यात वा शूच्या रचनेत आहे.

५. दुरुस्तीची पद्धती

दुरुस्ती करताना एका आसावरील दोन्ही चाकांचे भाग जोडीनेच बदलावेत. एका बाजूचा ब्रेक नवा व दुसरा जुना राहिल्यास गाडी एकीकडे ओढली जाते. सिलिंडरच्या आतील पृष्ठभाग गुळगुळीत असेल तरच केवळ रबरी किट बदलणे योग्य ठरते. गंजाचे खड्डे वा ओरखडे असल्यास नवे वॉशर काही आठवड्यांतच फाटतात. अशा वेळी संपूर्ण सिलिंडर बदलणे हाच सुरक्षित मार्ग होय. गंजलेल्या लोखंडी नळीला पितळ ओतून वा रबरी तुकडा जोडून वापरणे कटाक्षाने टाळावे. तो जोड ३५ पट दाब सोसू शकत नाही.

ब्रेकचे रबरी भाग धुण्यासाठी पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांचा वापर करू नये, तसेच टाकीत इंजिन ऑइल अथवा अन्य खनिज तेल कधीही घालू नये. खनिज तेलाने हे रबर फुगते, मास्टर सिलिंडरमधील परतीचे सूक्ष्म छिद्र झाकले जाते आणि ब्रेक लागलेलेच राहतात. चुकीचे तेल पडले असल्यास नुसते तेल काढून भागत नाही. यंत्रणेतील सर्व रबर बदलावे लागते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ हवेच्या झोताने अथवा फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

भाग बदलल्यानंतर हवा काढण्याचे काम येते. प्रत्येक गाडीच्या माहितीपुस्तकातील क्रम प्रमाण मानावा. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकाने आरंभ करतात. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या आपल्याकडील गाड्यांत ते बहुधा मागचे डावे चाक असते. त्यानंतर मागचे उजवे, पुढचे डावे व शेवटी पुढचे उजवे असा क्रम येतो. ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचे टोक थोडे ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे, दुसऱ्याने ब्लीडर सैल करावा, आणि ब्लीडर पुन्हा आवळल्यानंतरच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत ही क्रिया करावी. टाकीतील पातळी तळाला जाऊ देऊ नये, अन्यथा पुन्हा हवा शिरते. बाटलीत जमलेले तेल परत वापरू नये.

येथे जुन्या गाड्यांच्या बाबतीत एक सूक्ष्म पण महत्त्वाची दक्षता आवश्यक आहे. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा दट्ट्या वरच्या अर्ध्या भागातच फिरतो. खालच्या भागात वर्षानुवर्षे गंज व गाळ साचतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबले की रबरी वॉशर त्या खरखरीत भागावर घासून फाटतात. तेल बदलून आणलेल्या गाडीचे ब्रेक चार-आठ दिवसांत जातात, त्यामागे अनेकदा हे कारण असते, आणि दोष मात्र नव्या तेलाला दिला जातो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून त्याची चाल मर्यादित केल्यास हे टाळता येते.

तेलाची छोटी, सीलबंद बाटली घ्यावी. उघडून महिनोन्महिने ठेवलेल्या डब्यातील तेल नवे असूनही ओलसर झालेले असते. साधारणतः दर दोन वर्षांनी, गाडी कमी चालली असली तरीही, संपूर्ण तेल बदलावे. ओलावा किलोमीटर मोजत नाही, काळ मोजतो.

दुरुस्तीनंतर इंजिन सुरू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोराने दाबून धरावे. ते खाली उतरू नये. मग मोकळ्या मैदानात ताशी १०-२० किलोमीटर वेगाने चाचणी घ्यावी आणि शेवटी काही किलोमीटर चालवून सर्व जोड पुन्हा तपासावेत. हँडब्रेकची तारही याच वेळी पाहावी. हँडब्रेक ही तेलावर अवलंबून नसलेली स्वतंत्र यांत्रिक व्यवस्था असते, परंतु सपाट प्रदेशात तिचा वापर फारसा होत नसल्याने तार गंजून जाम होते व ऐन वेळी उपयोगी पडत नाही.

६. चालत्या गाडीचे ब्रेक गेल्यास

अशा प्रसंगी पेडल वेगाने वारंवार दाबावे. अतिरिक्त फट वा थोडी हवा हे कारण असेल तर काही दाब परत मिळतो. त्याच वेळी एकेक करून खालचे गिअर टाकावेत, म्हणजे इंजिनच गाडीला मागे धरते. हँडब्रेक बटण दाबून ठेवून टप्प्याटप्प्याने ओढावा. एकदम ओढल्यास मागील चाके जाम होऊन गाडी फिरते. हॉर्न व दिवे चालू ठेवून इतरांना सावध करावे. इंजिन बंद करू नये आणि न्यूट्रल टाकू नये. अन्य उपाय न चालल्यास दरीकडे न जाता चढाची वाट, मातीचा ढीग, काटेरी कुंपण किंवा डोंगराची बाजू पत्करावी. गाडी थांबल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. त्याने ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. पेडल पुन्हा लागू लागले तरी कारण कळेपर्यंत गाडी पुढे नेऊ नये.

इंधन वाचविण्यासाठी घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याची अथवा इंजिन बंद करून उतरण्याची सवय काही चालकांत दिसते. यात इंजिनचा रोध जातो आणि सर्व भार ब्रेकवर पडतो. इंजिन बंद असल्यास बूस्टरमधील साठलेला निर्वात दोन-तीन दाबांतच संपतो. वाचलेल्या पेट्रोलची किंमत व पत्करलेला धोका यांची तुलनाच होऊ शकत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढला जातो त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम शास्त्राच्या कसोटीवर पूर्णतः उतरतो.

७. कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. तदनंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये ब्रेकविषयी स्वतंत्र तरतूद आहे. तथापि तपासणीच्या दिवशी ब्रेक लागणे ही त्या दिवसापुरतीच खात्री होय. दोन तपासण्यांमधील पाच वर्षांची जबाबदारी गाडीच्या मालकावरच राहते. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना चाके जाम होऊ न देणारी एबीएस प्रणाली बंधनकारक झाली. जुन्या गाड्यांत हे साहाय्य नाही, म्हणून त्यांच्या मूळ यंत्रणेची निगा अधिकच काटेकोर असावी लागते.

निष्कर्ष

१. ब्रेक अचानक निकामी होणे ही बहुतांशी दीर्घकाळ चाललेल्या, लक्षणे दाखविणाऱ्या प्रक्रियेची अखेर असते.
२. पेडलची चाल, कडकपणा व स्थिरता यांवरून दोषाचा वर्ग बऱ्याच खात्रीने ओळखता येतो.
३. ओलावा मुरलेले ब्रेक ऑइल हे घाटातील निकामीपणाचे अदृश्य कारण आहे. गार झाल्यावर ब्रेक पूर्ववत होत असल्याने ते दुर्लक्षित राहते.
४. चुकीच्या पद्धतीने केलेली दुरुस्ती, विशेषतः पेडल तळापर्यंत दाबून हवा काढणे व खनिज तेलाचा वापर, नवे दोष निर्माण करते.
५. घाटात खालच्या गिअरचा वापर हा ब्रेकच्या रक्षणाचा विनाखर्च उपाय आहे.

सूचना

औद्योगिक प्रशिक्षण संस्था व तंत्रनिकेतने यांच्या साहाय्याने महाविद्यालयांनी पावसाळ्यानंतर एक दिवसाचे ब्रेक-तपासणी शिबिर घ्यावे. त्यात तेलातील ओलाव्याची चाचणी, बूस्टरची परीक्षा व हँडब्रेकची तपासणी या तीन बाबी सहज होऊ शकतील. भौतिकशास्त्राच्या अध्यापनात पास्कलचा नियम, विशिष्ट उष्मा व उत्कलनबिंदू हे घटक ब्रेकच्या उदाहरणाने शिकविल्यास विद्यार्थ्यांना ते आपल्या जगण्याशी जोडता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या वाहनचालकांपर्यंत 'चढायचा तोच उतरायचा गिअर' एवढा एक संदेश पोहोचविला, तरी घाटातील काही जीव निश्चितच वाचतील.